‘स्टॉल’ला मराठीत काय म्हणावे?

दारव्हा तालुक्यातील एका शिक्षकांचा प्रश्न असा आहे: त्यांचा पुतण्या गोंदियाजवळच्या बिरसी येथे विमान चालवायला शिकतो. ‘आज हवेत चार वेळा स्टॉल केला,’ असे त्याने फोनवर सांगताच घरातील आजीने विचारले, ‘कायचा स्टॉल लावला रे बाप्पा?’ शिक्षकांनी ‘विमान बंद पाडून पाहिले’ असा उलगडा केला, तर पुतण्याने तो चूक ठरवला. मग योग्य शब्द कोणता?

पुतण्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि आजीचा प्रश्नही वावगा नाही, कारण मराठीत हा शब्द जत्रेच्या आणि चहाच्या वाटेने आला व तिथेच स्थिरावला. मूळ इंग्रजीत जनावर बांधण्याची जागा, म्हणजे आपले ‘ठाण’, हा त्याचा एक जुना अर्थ आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडी फसते तसे फसून बसणे हा अर्थही त्याला आला, आणि पुढे मोटारीचे इंजिन अडखळून बंद पडण्यालाही तोच शब्द लागला. भाषांतर करणारा नेमका या शेवटच्या अर्थापाशी घसरतो.

विमानाच्या स्टॉलमध्ये इंजिन व्यवस्थित चालू असू शकते. बिघडते ते पंखाचे आणि वाऱ्याचे जुळलेले गणित. लहानपणी एसटीच्या खिडकीतून, वाहकाची नजर चुकवून, ज्याने तळहात बाहेर काढला असेल (आता कोणी काढू नये) त्याला हे ठाऊक आहे: हात आडवा धरून पुढची कड किंचित वर केली की तो आपोआप उचलला जातो, पण फार वर केली की उचलणे संपते आणि वारा हाताला नुसता मागे रेटतो. पंखाचेही तसेच असते. समोरून येणाऱ्या वाऱ्याशी पंखाचा कोन वाढेल तशी उचल वाढते, मात्र साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे पंखाच्या वरच्या अंगाला धरून वाहणारी हवा सुटते, तिथे भोवरे उठतात आणि उचल एकाएकी घटते.

म्हणून ‘वेग कमी पडणे’ हेही पुरेसे नाही. सेस्ना १७२ सारखे छोटे विमान पूर्ण वजनानिशी, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) न उतरवता सरळ उडत असेल तर वेगदर्शकावर सुमारे ४८ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्टॉल होते. तेच विमान उंची न सोडता ६० अंश कलून वळत असेल तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि ६८ नॉटच्या आसपासच ती वेळ येते. धावपट्टीकडे शेवटचे वळण घेताना घाईने नाक वर ओढणारा वैमानिक फसतो तो इथेच.

आता शब्द. ‘गोता खाणे’ हा पतंगबाजांचा शब्द मला आवडतो, पण तो नंतरच्या पडण्याचा आहे, आधीच्या घटनेचा नाही. ‘हवा सुटणे’ म्हटले तर ऐकणारा टायरकडे पाहील. ‘उचल संपणे’ चूक, कारण ती पूर्ण जात नाही. माझी पसंती ‘उचल ढासळणे’ला आहे. पावसाने मातीची भिंत ढासळते तेव्हा ती अचानक ढासळते, तरी काही भाग उभा राहतो. दोन्ही गोष्टी या क्रियापदात येतात. ‘उचल’ म्हणजे सालदाराने आगाऊ घेतलेले पैसे, असा आक्षेप आपल्या भागात कोणी घेईल. त्यासाठी ‘पंखांची उचल’ म्हणावे. वैमानिकांनी आपसांत ‘स्टॉल’च म्हणावे, त्यात काही गैर नाही.

तेव्हा आजीला असे सांगता येईल: पोराने वर, भरपूर उंचीवर, पंखांची उचल मुद्दाम ढासळू दिली आणि नाक खाली घेऊन ती परत मिळवली, चारही वेळा.