गाडीच्या इंजिन टेम्परेचरचा काटा वरखाली होत असेल तर आधी हे बघा

काटा कधी हलतो, ते आधी नीट टिपून ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं. क्षणात वर जाऊन क्षणात खाली येत असेल तर दोष बहुधा सेन्सर, त्याचं कनेक्टर किंवा अर्थिंगचा असतो; इंजिनातलं पाणी एका सेकंदात तापत किंवा निवत नाही. गाडी थांबलेली असताना चढतो आणि वेग घेतल्यावर उतरतो? मग रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि फ्यूज तपासा. मोकळ्या रस्त्यावर काटा नेहमीपेक्षा खाली पडत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बहुधा उघडाच अडकलाय.

सगळ्यात जास्त वेळा मात्र कारण साधं असतं: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी आणि कूलिंग सिस्टिममध्ये हवा. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना कधीही नको, उकळतं पाणी अंगावर उडतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा (तयार मिश्रण असेल तर पाणी नको), हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि झाकण न लावता इंजिन सुरू करा. ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर तोही सैल करा. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येतील, पातळी उतरेल. थोडं थोडं भरत राहा.

बुडबुडे थांबतच नाहीत आणि कूलंट पुन्हापुन्हा कमी होतंय? तर हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या, गाडी चालवू नका. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इंजिन कायम गार राहतं, इंधन जास्त खातं आणि मूळ दोष तसाच राहतो.