‘अंगातले क्षार कमी झाले’ म्हणजे काय कमी झालं?

प्रश्न असा आहे: जुलाबांनंतर डॉक्टर म्हणाले, अंगातले क्षार कमी झालेत. क्षार म्हणजे आम्लाच्या उलट ना? मग आम्लता वाढली असं समजायचं का? खायचा सोडा घेतला तर चालेल का?

नाही. डॉक्टरांच्या बोलण्यातले क्षार म्हणजे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड वगैरे. शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही घरोघरी नांदतात. ‘खार’ हा क्षाराचाच तद्भव. पण खारट म्हणजे मिठाच्या चवीचं, आणि पापडखार मात्र आम्ल मारणारा. आयुर्वेदातला क्षार वनस्पतींच्या राखेतून काढतात, तो पापडखाराच्या जातीचा. हिंदीने तोच अर्थ धरला आणि मिठाच्या जातीला ‘लवण’ म्हटलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र आम्ल आणि आम्लारी (आम्ल मारणारा पदार्थ) मिळून क्षार, म्हणजे मिठाच्या जातीचा पदार्थ, आणि पाणी होतं. हिंदी वाचून मराठीत लिहिणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो.

रिपोर्टमध्ये या गोष्टी वेगवेगळ्या मोजलेल्या असतात. सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असावं. आम्लता पीएच या आकड्यावरून कळते. रक्तात तो ७.३५ ते ७.४५ असावा, आम्लता वाढली की तो उतरतो. जुलाबांतून आम्ल मारणारं बायकार्बोनेट जातं, म्हणून रक्ताची आम्लता वाढते. सततच्या उलट्यांत जठरातलं आम्लच जातं, म्हणून ती घटते. क्षार दोन्हीकडे कमी होऊ शकतात, म्हणून नुसत्या ‘क्षार कमी’ यावरून आम्लता कळत नाही. नेहमीचं ०.९ टक्क्यांचं सलाइन तर शुद्ध मिठाचं पाणी, तरी ते भरपूर चढवलं की क्लोराइड वाढून आम्लता वाढते!

सोडा मनानं घेऊ नका. पोटॅशियम आधीच कमी असेल, तर सोड्याने ते रक्तातून पेशींत शिरतं, आणखी घटतं आणि हृदयाची लय बिघडू शकते.

जलसंजीवनीच्या (ओआरएसच्या) पुडीत दोन्ही अर्थ एकत्र येतात. लिटरभर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. सायट्रेटही क्षारच, पण शरीरात त्याचं बायकार्बोनेट होतं आणि ते आम्लता उतरवतं. घरच्या मीठ-साखर-पाण्यात पोटॅशियमही नसतं आणि सायट्रेटही.

बोलताना ‘क्षार’ खुशाल म्हणावं. लिहिताना ‘सोडियम कमी झालं’ असं नाव घेऊन लिहावं, आणि आम्लाच्या विरुद्ध पदार्थाला आम्लारी किंवा अल्क म्हणावं. या क्षारांसाठीचा ‘विद्युत अपघटनी’ (इलेक्ट्रोलाइट) हा शब्द भौतिकशास्त्राच्या तासाला ठीक. रुग्णाच्या घरच्यांना त्यातून काहीच कळत नाही.