शनिवार-रविवारचा मुक्काम आणि युनिव्हर्सल क्रेडिट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेस्टरमध्ये सहा वर्षांच्या मुलीसह भाड्याने राहता, तुम्ही ब्रिटिश नागरिक आहात. कामाचे महिन्याला हातात 900 पौंड येतात, घरभाडं 650, बाकी भार युनिव्हर्सल क्रेडिटवर (कमी उत्पन्न असलेल्यांना ब्रिटिश सरकार देतं तो मासिक भत्ता). तुमचा मित्र आरोग्यसेवेच्या व्हिसावर कॉव्हेंट्रीत आहे, हातात 2,400; पुण्यात त्याचा भाड्याने दिलेला फ्लॅट आहे. शुक्रवार-शनिवार रात्री तो तुमच्याकडे असतो. ‘तीन रात्रींपर्यंत चालतं’, म्हणजे क्रेडिटला धक्का लागत नाही, असं कुणी सांगितलंय, आणि आता 500 पौंडांची खोली सोडून त्याने तुमच्याकडेच यावं का?

तीन रात्रींचा नियम कुठेही नाही. डीडब्ल्यूपी (क्रेडिट देणारं सरकारी खातं) तुम्ही जोडपं आहात का हे ठरवताना रात्री मोजून थांबत नाही. दोघांचं घर एकच आहे का, नातं किती स्थिर आहे, पैसे एकत्र आहेत का, शारीरिक संबंध, मुलांची जबाबदारी आणि लोकांसमोर तुम्ही जोडपं म्हणून वावरता का, या सगळ्यांचा एकत्र विचार होतो. त्यातही घर एकच असल्याशिवाय जोडपं धरता येत नाही. म्हणून सगळा भार त्या कॉव्हेंट्रीच्या खोलीवर आहे. तो खरोखर तिथे राहतो, भाडं त्याच्या खात्यातून जातं, कपडे, डॉक्टरची नोंदणी, पगाराची पत्रं तिथली आहेत, तर दोन रात्रींनी तुमचा क्लेम बदलत नाही. गडबड होते ती बारीकसारीक गोष्टींत: पार्सलं तुमच्या पत्त्यावर, गाडीचा विमा तुमच्या पत्त्यावर, ब्रॉडबँड त्याच्या नावावर. एवढ्यावरूनही चौकशीचं पत्र येऊ शकतं. तो तुमचं भाडं भरू लागला तर प्रकरण आणखी अवघड. शनिवारचा भाजीपाला त्याने आणला तर बिघडत नाही.

आता हिशेब, 2025-26 च्या दरांनी. तुमचा मूळ भत्ता 400.14, मुलीचे 292.81, भाड्याचे 650: एकूण 1,342.95. तुमच्या पगारातले पहिले 411 सोडून उरलेल्या 489 च्या 55 टक्के, म्हणजे 268.95 कापले जातात. हाती 1,074. तो राहायला आला की त्याचा पगारही धरतात. मात्र त्याच्या व्हिसावर सार्वजनिक निधीची, म्हणजे सरकारी भत्ते घेण्याची, बंदी असल्याने भत्ता एकट्याचाच मिळतो. 3,300 मधून 411 वजा, त्याचे 55 टक्के 1,588.95. क्रेडिट शून्य. खोलीचे 500 वाचतात, पण 1,074 जातात: दरमहा 574 चा खड्डा. शिवाय घरात एकच प्रौढ असल्याने कौन्सिल टॅक्समध्ये (घरावरच्या स्थानिक करात) मिळणारी 25 टक्के सूटही जाते. मुलीसाठी मिळणारा वेगळा भत्ता, चाइल्ड बेनिफिट, मात्र चालू राहील.

मला खरी काळजी त्याच्या पुण्याच्या फ्लॅटची वाटते. भाड्याने दिलेला फ्लॅट भांडवल समजला जातो: किमतीतून कर्ज आणि विक्रीखर्चापोटी किमतीचे 10 टक्के वजा करून. उरलेली रक्कम 16,000 पौंडांवर गेली, तर उद्या त्याची नोकरी सुटली तरी तो घरात असेपर्यंत तुम्हाला क्रेडिट मिळणार नाही. (त्याचे पेन्शनच्या वयाचे आईवडील तिथे राहत असते, तर फ्लॅट धरला नसता.)

म्हणून माझं मत: सध्या खोली सोडू नका. 574 चा फरक आणि तुमच्या भाड्याचा नियमित वाटा तो नक्की उचलेल, हे आधी आकड्यांत ठरवा. एकत्र यायचं ठरलंच, तर असेसमेंट पिरियडची (ज्या महिन्यावर क्रेडिटचा हिशेब होतो, त्याची) तारीख पाहा. बदल त्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. महिना 14 तारखेला सुरू होत असेल, तर 12 ला सामान आणल्यास जवळजवळ पूर्ण महिना हातचा जातो. 14 ला आणा आणि त्याच दिवशी क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये बदल नोंदवा.

तो आधीच रोज तुमच्याकडे असेल, तर आज कळवा. जास्तीचे पैसे परत द्यावेच लागतात. निष्काळजीपणे चुकीची माहिती दिल्याबद्दल 50 पौंडांचा दंड होऊ शकतो. फसवणूक धरली, तर खटल्याऐवजी रकमेच्या निम्मा, किमान 350 आणि कमाल 5,000 पौंड दंड देऊ करतात, किंवा थेट खटला भरतात. मुलाखतीचं पत्र आलं, तर जाण्याआधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेकडे कागद दाखवा. तिथे मोफत मदत मिळते. निर्णय विरोधात गेला, तर फेरविचाराचा अर्ज एका महिन्यात करायचा असतो. सोबत त्याच्या खोलीचा करार आणि भाडं गेल्याची सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट जोडा.