एर्बिलला हॉटेलात नोकरी मिळतेय. कुर्दी लोक रोजच्या जगण्यात कसे असतात? जावं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात ते लढाऊ लोक आहेत, त्यांच्यात राहणं धोक्याचं." हे 'घरचे' वाचलं आणि लिहायला बसलो. असे एक घरचे माझ्याकडेही आहेत, माझा थोरला भाऊ.

मी 2012 ते 2018 इराकी कुर्दिस्तानात, म्हणजे इराकमधल्या कुर्दांच्या स्वायत्त भागात होतो, सुलेमानियात. तिथले लोक स्लेमानी म्हणतात, तुमच्या एर्बिलला हेवलेर म्हणतात. आधी साइटवर इलेक्ट्रिशियन, नंतर सुपरवायझर. कुर्द म्हणजे अरब नव्हेत, त्यांची भाषा वेगळी, ते चार देशांत वाटले गेलेत, हे तुम्ही शोधून ठेवलंच असेल. ते सोडतो.

पहिल्याच दिवशी स्टोअरवाल्याने विचारलं, "नावत चिये?" दुभाषा तोंड उघडायच्या आत मी नाव सांगून टाकलं. त्यांच्यातही नाव म्हणजे नावच. मग तो मला 'काक' म्हणायला लागला. मला वाटलं, माझं वय काढतोय. काक म्हणजे भाऊ, दादा. माम म्हणजे चुलता. आपला काका तिथे भाऊ होतो आणि आपला मामा तिथे काका होतो, हे नातं डोक्यात बसायला मला वर्ष लागलं. इराकचे राष्ट्राध्यक्ष होते ना जलाल तालबानी, त्यांना अख्खं स्लेमानी 'माम जलाल' म्हणायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, कुणाचे मामा?

आता रोजचं आयुष्य. ते तेव्हा अँपिअरमध्ये मोजावं लागायचं. सरकारी लाइट दिवसातले काही तासच असायची. बाकीच्या वेळात गल्लीचा जनरेटर. त्याचं कनेक्शन अँपिअरवर विकत घ्यायचं: कुणाचे तीन, कुणाचे पाच, ज्याचं बरं चाललंय त्याचे दहा. त्या महिन्याचा दर काय, जनरेटरवाला चोर कसा आहे, आणि शेजाऱ्याच्या घरात दोन एसी लागले म्हणजे त्याने वायर कुठून मारली असणार, यावर जितकी चर्चा मी ऐकली तितकी स्वातंत्र्यावर नाही ऐकली. मी वायरमन, त्यामुळे गल्लीत माझा भाव लगेच वाढला. इस्त्री आणि हीटर एकदम लावले की बटण पडायचं आणि मला हाक यायची. काम झालं की 'दस्त खोश', हात सुखी राहो. आणि चहा, छोट्या काचेच्या पेल्यात, साखर तळाशी बोटभर. चहाला नाही म्हणायची सोयच नाही.

मी त्या गल्लीत पोचलो त्यालाही कारण आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये बगदादने, म्हणजे इराकच्या केंद्र सरकारने, कुर्दिस्तानचा बजेटमधला वाटा थांबवला. जूनमध्ये इसिसने मोसुल घेतलं. वर तेलाचे भाव पडले. आमचा कंत्राटदार सरकारी इमारतीचं काम करत होता, त्याची बिलं अडकली. आधी मेस बंद झाली, मग कॅम्पच बंद झाला. सात महिने पगार नाही. इकडे बायकोचं गंठण गहाण पडलं आणि पोरांची फी दादाने भरली. ऑगस्टमध्ये इसिस एर्बिलपासून तासाभराच्या अंतरावर आलं तेव्हा दादाचा फोन, "उद्याच्या उद्या निघून ये. त्यांचं राज्य, त्यांची भांडणं, तुला काय?" मी निघालो असतो तर सात महिन्यांवर पाणी सोडावं लागलं असतं. राहिलो. शेवटी चार महिन्यांचे मिळाले, तीन बुडाले. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ते तीन महिने निघतातच. "तुझ्या कुर्दांनी बुडवले ना?"

दादा, कुर्दांनी नाही बुडवले. कुर्दांचेही बुडाले.

कॅम्प बंद झाल्यावर मी ज्यांच्याकडे खोली घेतली ते सरकारी शाळेत गणित शिकवायचे. मास्तरला तिथे मामोस्ता म्हणतात. त्यांचा पगार दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी यायचा आणि 2016 पासून तर कापून यायला लागला. सकाळी वर्ग, दुपारनंतर स्वतःची जुनी टोयोटा टॅक्सी म्हणून. एकदा त्यांच्याच वर्गातला पोरगा बापाबरोबर मागच्या सीटवर बसला. मामोस्तांनी भाडं घेतलं नाही आणि घरी येऊन त्याच भाड्यावरून बायकोची बोलणी खाल्ली. भाड्याच्या खोलीचे 1,50,000 दिनार. मी म्हटलं, माझा पगार नाही. ते म्हणाले, माझाही नाही, आला की दे. आता यात कुर्दी पाहुणचाराचे गोडवे गाणारे लोक असतात. तसं काही नव्हतं. मामोस्ता चौकटीच्या वहीत दर महिन्याचं भाडं मांडायचे आणि माझे चार महिने सुटले त्या संध्याकाळी वही घेऊन दारात उभे होते. मी घराची वायरिंग नवी केली होती, ती रक्कम त्यांनी स्वतःहून वजा केली होती. गणिताचा मास्तर. मला हा हिशोब फुकटच्या जेवणापेक्षा जास्त आवडला.

'डोंगरांशिवाय कुर्दांना मित्र नाहीत' ही म्हण तुम्हाला कुर्दांवरच्या प्रत्येक लेखात सापडेल. मामोस्तांच्या तोंडून ती मी एकदाच ऐकली. शुक्रवारी सगळं घर टॅक्सीत कोंबून आम्ही अझमरच्या घाटात सहलीला चाललो होतो आणि इंजिन तापून गाडी बंद पडली, तेव्हा.

त्यांची आई घरात होती. दायक म्हणजे आई, हाक मारताना दाये. मी माळकरी घरातला, मटण खात नाही म्हटल्यावर तिने सुनेला विचारलं, हा आजारी आहे का? मग यापराख करायची तेव्हा माझ्यासाठी वेगळं छोटं पातेलं लावायची. द्राक्षाची पानं, कांद्याची पाळी, वांगं, या सगळ्यात आंबट भात भरून रचायचा, वर ताटली दाबून शिजवायचं, आणि मोठ्या परातीत पातेलं एका झटक्यात उलटं करायचं. उलटं करताना घरातलं कुणी बोलत नाही. पातेलं उचललं आणि रचलेलं तसंच उभं राहिलं की मग सगळे बोलायला लागतात.

दायेची एक पिशवी दाराशी खिळ्याला कायम अडकवलेली असायची. ओळखपत्रं, रेशनकार्ड, बीपीच्या गोळ्या, सुकवलेली पातळ रोटी. नातवंडं हसायची. 1991 च्या बंडानंतर सद्दामचं सैन्य परत आलं आणि लाखो माणसं डोंगराकडे पळाली, त्यात ती पेंजवीनच्या वाटेने पायी इराणात गेलेली. तेव्हा कागद घरी राहिले होते, म्हणून ही पिशवी. मी हसलो नाही. 1993 पासून माझ्या आईची पत्र्याची ट्रंक दाराला लागूनच असते.

तर 2017. 25 सप्टेंबरला सार्वमत झालं, 100 तल्या 92-93 जणांनी स्वतंत्र व्हायचं म्हणून मत दिलं. बगदादने 29 तारखेपासून तिथली आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. माझा व्हिसा कुर्दिस्तान सरकारचा, तो बगदादला चालत नव्हता. दिवाळीचं तिकीट वाया गेलं आणि दादाचं बोलणं पुन्हा ऐकलं. म्हणून 12 नोव्हेंबरला मी तिथे होतो.

रविवार होता. रात्री सव्वानऊच्या सुमारास मी भात लावला होता. आधी पेले वाजले. मग दिवा लंबकासारखा हलायला लागला, आणि माझ्या पायांना माझ्या डोक्याच्या आधी कळलं. अनवाणी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि तिथून हलेना. 7.3 चा होता, केंद्र हलब्जाच्या दक्षिणेला. स्लेमानीत इमारती टिकल्या. दरबंदीखानमध्ये पडझड झाली, आणि सीमेपलीकडे इराणात सरपोल-ए-जहाबला शेकडो माणसं गेली. तीही कुर्दच. दायेच्या बहिणीकडचे लोक त्याच पट्ट्यात, मामोस्ता रात्रभर फोन लावत होते.

सगळी गल्ली बाहेर. कुणी गाड्यांत, कुणी फुटपाथवर घोंगड्या टाकून. कुणीतरी फळकुटं पेटवली, त्यावर किटली चढली. दाये पिशवी काखेला मारून माझ्याजवळ येऊन बसली. मी काय बोलत होतो मला आठवत नाही, पण मराठीत बोलत होतो असं मामोस्ता नंतर म्हणाले. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं. किल्लारीजवळचं गाव. 30 सप्टेंबर 1993, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आधी. मी नऊ वर्षांचा. बाबा गेले, ताई गेली. त्या पट्ट्यात 10,000 च्या आसपास माणसं गेली.

दायेने विचारलं, "घर दगडाचं होतं की मातीचं?"

दगडमातीचं, म्हटलं.

"आणि वर?"

माळवद. मामोस्तांना समजेना, मी हातांनी दाखवलं: लाकडं, त्यावर मातीचा थर, दरवर्षी पावसाआधी त्यावर अजून माती. दाये एकदम म्हणाली, आमचंही तसंच. बर्फ पडून गेला की ती छतावर दगडी रूळ फिरवायची, नाहीतर गळतं. ते छत 1988 मध्ये सरकारच्या बुलडोझरने पाडलं. अनफाल म्हणजे सद्दामची कुर्दांविरुद्धची मोहीम, तिच्यात गावच्या गावं पाडली त्यातलं तिचं एक. हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "तुला कुणी काढलं?"

दादाने. तो सतरा वर्षांचा होता.

"मग तुझ्या काकाला फोन लाव." काक म्हणजे दादा, हे एव्हाना मला पाठ होतं.

भारतात रात्रीचा एक वाजून गेलेला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. मी म्हटलं, दादा, भूकंप झाला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आत झोपू नकोस." फोन ठेवला.

मी परत आल्यावर ही गोष्ट त्याला सांगितली आणि तिथेच आमचं बिनसलं. भूकंपाचं नाही, दायेशी बोललो त्याचं. "बाबांचं नि ताईचं तू परक्या लोकांसमोर रस्त्यावर बसून बोललास?" आमच्या घरात ते बोलत नाहीत. आई ट्रंक दाराशी ठेवते, दादाने नवीन घराला नको तितकं लोखंड घातलंय, पण बोलत नाहीत. मी त्याला म्हटलं, चोवीस वर्षांत मला छत कसलं होतं हे कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, विचारायचं काय? यात त्याचंही चुकत नाही असं मला कधीकधी वाटतं, पण मी त्याला ते सांगणार नाही.

असो. तुमचा प्रश्न. मी स्लेमानीबद्दलच बोलू शकतो. तुर्कस्तानातल्या कुर्दाचं आयुष्य निराळं, तिथे 1991 पर्यंत त्यांच्या भाषेवर कायद्याने बंदी होती. सीरिया, इराणातलं आणखी निराळं. आणि तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. एर्बिल-दुहोक बारझानी घराण्याच्या पक्षाकडे, स्लेमानी तालबानींच्या. सरकारी नोकरी हवी तर पक्षातला माणूस हवा, त्याला ते वास्ता म्हणतात, आपला वशिला. मामोस्तांची मुलगी युनिव्हर्सिटीत शिकत होती, एकटी बाजारात जायची, पण इभ्रतीच्या नावाखाली मुलींना मारून टाकतात अशाही बातम्या त्याच शहरातून यायच्या, आणि त्यावर चहा पिताना कुणी बोलायचं नाही. हलब्जाबद्दलही बोलत नाहीत. 16 मार्च 1988 ला तिथे सद्दामच्या विषारी वायूने जवळपास 5,000 माणसं गेली. मी सहा वर्षांत तो विषय कुणाच्या घरात उकरला नाही. तुम्हीही उकरू नका. सांगायचं असेल तर ते सांगतील.

जावं का? पगार वेळेवर मिळणार असेल तर जा. बंदुकांचं मला एवढं भय नव्हतं, पगाराचं होतं. एजंटला रोख पैसे देऊ नका, तो ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या आपल्या सरकारच्या पोर्टलवर, नोंदलेला आहे का बघा. पगार कोण देणार, मालक की मधला कंत्राटदार, हे कागदावर घ्या. एर्बिलला 2016 पासून आपलं वाणिज्य दूतावास आहे, पोचल्यावर तिथे नाव नोंदवा. हॉटेल खासगी आहे म्हणजे सरकारी बिलावर अवलंबून नसेल, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

थंडीचे कपडे मात्र इथूनच नेऊ नका, तिथल्या बाजारात घ्या. पहिल्या वर्षी दादाने लातूरहून घेऊन दिलेला स्वेटर स्लेमानीच्या एका डिसेंबरलाही पुरला नव्हता, आणि तो अजून म्हणतो की मी तो नीट घातलाच नाही.