टेलिस्कोप आत्ता नको, आधी मृग नक्षत्राचा फोटो काढ

ताऱ्यांचे फोटो काढायला टेलिस्कोप घेऊ का म्हणतोस, तर आत्ता घेऊच नकोस रे, आहे तो डीएसएलआर, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) आणि न हलणारा ट्रायपॉड, एवढ्यावर हा हिवाळा काढ. नवख्यांचे सगळ्यात जास्त फोटो फोकस चुकल्यामुळे वाया जातात, लेन्सवरच्या इन्फिनिटीच्या (∞) खुणेवर अजिबात जाऊ नको, फोकस मॅन्युअलला टाक, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) मृगाजवळचा तेजस्वी व्याध तारा झूम कर आणि तो बारीक टिंब होईपर्यंत फोकसची रिंग केसभर केसभर फिरव, मग सरळ चिकटपट्टी लाव तिला.

- लेन्स १८ मिमीवर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ३.५, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, शटर १५ सेकंद उघडं. वेळ फार वाढवलास की तारे लांबट येतात, पृथ्वी फिरते ना
- रॉ मध्येच (जेपेग नाही, कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ, २ सेकंदांचा टायमर लाव
- अमावस्येच्या आसपास जा (पौर्णिमेला आकाशगंगा शोधणारे महाभाग असतात!)

स्टॅकिंग (अनेक फोटो एकावर एक जोडणं), ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नंतर बघू.