आजीचं माहेर पुण्यात नारायण पेठेत होतं, वाडा १९६१ च्या पुरात पडला. पत्ता नाही, नुसत्या आठवणी आहेत. जागा कशी शोधायची?

मामांचं ऐकू नका. ओळखदेख नसताना असं लिहिणं बरं दिसत नाही, पण तुम्हीच लिहिलंय की मामा म्हणतात वाडा केसरीवाड्याला, म्हणजे टिळकांच्या वाड्याला, लागून होता, आणि आजीला मात्र एक बोळ आणि एक पिठाची गिरणी एवढंच आठवतं. मग आजीच्या गिरणीमागे जा. केसरीवाड्याला लागून राहणारी इतकी घराणी मला आजवर भेटली आहेत की त्या सगळ्यांना जागा द्यायची तर केसरीवाडा पार पर्वतीपर्यंत न्यावा लागेल.

आमच्याकडे हेच झालं. माझ्या वडिलांचं लहानपण नारायण पेठेत गेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात बुडाल्या. आमचा वाडा मातीविटांचा, वर कडीपाट. पाण्यात उभा राहिला आणि पाणी ओसरल्यावर बसला. आजी-आजोबा मुलांना घेऊन आधी एका शाळेत राहिले, मग पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरात. वडील पुढे लक्ष्मी रोडला खरेदीला आले तरी त्या बाजूला वळायचे नाहीत. त्यामुळे आमच्या पिढीच्या हातात उरली ती थोरल्या काकांनी सांगितलेली गोष्ट: 'टिळकांच्या शेजारचा आपला वाडा.' काका गेल्यावर ती चुलतभावाकडे आली. दादाने केसरीवाड्याजवळच्या एका इमारतीसमोर उभं राहून फोटो काढला आणि 'आमचा वाडा इथे होता' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले.

त्याच ग्रुपवर आत्या आहे. पुराच्या वर्षी ती मॅट्रिकला होती. थोरले काका तेव्हा नोकरीसाठी मुंबईत, म्हणजे त्या घरात शेवटच्या दिवसापर्यंत राहिलेली ती. पण तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं, कारण आमच्याकडे असल्या गोष्टी कर्त्या पुरुषाला विचारायच्या. फोटो बघून तिने मला फोन केला. म्हणाली, "केसरीवाड्यात मेळा बघायला जायचं असलं की आई आम्हाला परकर बदलायला लावायची. शेजारच्या घरी जायला कोण परकर बदलतं गं?"

दादाची सगळी थिअरी माझ्यापुरती तिथेच संपली. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "परकर हा काय पुरावा झाला?" माझ्या मते झाला, आणि चांगला भक्कम झाला. घर 'जवळ' होतं की 'लागून' होतं हे काकांनी आयुष्यभर सांगून सांगून बदललं असेल, परकर बदलल्याची आठवण कशाला कोण बदलेल?

त्यानंतर मी आत्याला पत्ता विचारणं सोडून दिलं. पत्ता विचारला की म्हातारी माणसं दुसऱ्यांकडून ऐकलेलं सांगतात. मी तिला रोजच्या जाण्यायेण्याचं विचारत बसले. हुजूरपागेत, म्हणजे तिच्या शाळेत, जाताना पत्र्या मारुतीचं देऊळ लागायचं का? "लागायचं की." नमस्काराला रस्ता ओलांडायला लागायचा? "छे, आमच्याच अंगाला." दळण घेऊन येताना डबा कुठल्या काखेत? इथे ती दोन्ही हात हवेत धरून क्षणभर थांबली, आणि उजवी काख आवळली. "उजव्या. डाव्या हाताने भिंत धरत यायचं, पावसात बोळातली फरशी निसरडी व्हायची ना." म्हणजे गिरणीकडून घरी येताना भिंत डावीकडे. बोळातलं पाणी कुठे वाहायचं? "आमच्या दारासमोरनं खाली, नदीकडे. वरच्या अंगाला कधी साचलं नाही."

आणि पुराचं. मी समजत होते की पाणी रस्त्याने आलं असणार. आत्या म्हणाली, आधी मोरीतून वर आलं, मग परसातून. आजोबा तोवर पुढच्या दिंडीदरवाजात उभे राहून सांगत होते की रस्ता कोरडा आहे, घाबरू नका. या एका वाक्यावरून घराची पाठ कुठे होती ते कळतं. दादाच्या फोटोतल्या इमारतीला परस नाही आणि कधी होतं असंही तिथलं कुणी सांगत नाही.

तुम्हीही आजीला असंच विचारा: दूध कुठून, पाण्याचा नळ कुठे, शाळेत जाताना ऊन तोंडावर यायचं की पाठीवर, कुणाच्या दारासमोरून जायला भीती वाटायची. एका बैठकीत सगळं काढायला जाऊ नका, दमतात. आणि फोनवरच्या नकाशावर बोट ठेवून 'इथे का?' असं अजिबात विचारू नका. भिडे पूल तेव्हा नव्हता, पात्रातला रस्ता नव्हता. ते बघून त्या बिचाऱ्या आणखी गोंधळतात आणि तुम्ही दाखवाल तिथे 'हो' म्हणतात.

कागदाचं सांगायचं तर पुरात घरचे कागद वाहून गेले म्हणून सगळे हात झटकतात. पण त्या घरातून बाहेर गेलेली पत्रं तर दुसऱ्यांच्या घरी होती ना! माझ्या आजीचं माहेर वाईचं. तिथे माळ्यावर जुनी पोस्टकार्डं तारेला टोचून ठेवलेली होती, अख्खा गठ्ठा, मधोमध भोक पडलेला. आजोबांचं अक्षर, वर कोपऱ्यात तारीख आणि पत्ता: नंबर, नारायण पेठ, पुणे २. पिनकोड शोधू नका, तो १९७२ मध्ये आला. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, शाळेचे दाखले यांतही पत्ता सापडू शकतो.

पेठेतल्या पत्त्यातला हा नंबर बहुतेक वेळा सिटी सर्व्हे नंबरच असतो. केसरीवाडा ५६८ नारायण, तसा. त्यावरून मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) सरकारच्या महाभूमी साइटवर बघता येतं. जुन्या नोंदी हव्या असतील तर नगर भूमापन कार्यालयात जाऊन चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. नंबर पेठेत ओळीने लागतील अशी अपेक्षा ठेवून रस्त्यावर शोधत फिरू नका, लागत नाहीत. आणि दोन-तीन वाडे एकत्र करून इमारत झाली असेल तर पाटीवर दोन-तीन नंबर एकत्र जोडलेले दिसतात.

आता दुखरी गोष्ट. पत्रकावर आमचं आडनाव नव्हतं. दादाने लगेच टाळ्या पिटल्या, 'बघ, नंबर चुकीचा.' नंबर बरोबर होता. आम्ही भाडेकरू होतो. माडीवरच्या दोन खोल्या आणि परसातला सामायिक नळ, एवढा आमचा 'वाडा'. आत्याला हे माहीत होतं, ती पहिल्या तारखेला आजोबांनी दिलेलं भाडं मालकीणबाईंच्या हातात नेऊन द्यायची. पण काकांच्या गोष्टीत भाडं नव्हतं. पुण्यात 'आमचा वाडा' म्हणणाऱ्या कित्येकांची हीच कथा आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे मला कळत नाही. तुमच्या आजीचे वडील मालक होते की बिऱ्हाडकरू हे आधी विचारून घ्या, नाहीतर पणजोबांचं आडनाव शोधत शंभर पत्रकं उघडाल आणि हाती काही लागायचं नाही. आणि हा प्रश्नही मामांना विचारू नका.

आत्याला घेऊन मी तिथे गेले. रिक्षा बोळात शिरेना, आम्ही चालत गेलो. सगळीकडे अपार्टमेंट, तिला काही ओळखू येईना. बोळ जिथून उतरायला लागतो तिथे तिचा डावा हात आपोआप भिंतीकडे गेला. पोस्टकार्डावरचा नंबर तिथून दोन फाटकं पुढे, इमारतीच्या पाटीवर. फाटकाशी एक गृहस्थ आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वारस का तुम्ही?" दुसरा, "बिल्डरकडून आलात?" याची तयारी ठेवा. पेठेत जागेचे दावे अजून चालू आहेत, हातात कागद घेऊन फोटो काढणारी अनोळखी बाई म्हणजे त्यांना हिस्सा मागायला आलेली वाटते. फोटो विचारून काढा, आणि म्हाताऱ्या माणसाला पुढे करा. आत्याने मालकीणबाईंचं नाव आणि त्यांच्या आंब्याच्या लोणच्याची चव सांगितल्यावर त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या.

एक राहिलं. हे सगळं नारायण पेठेपुरतं आणि भाड्याच्या घरापुरतं लिहिलंय. तुमचा वाडा स्वतःचा असेल आणि मालकी सोडल्याचा कागद झालेला नसेल तर आधी वकिलाला भेटा, मी त्यातली नाही. आजीला विसरायला होत असेल तर तिला तिथे नेण्याचा हट्टही करू नका. आणि नंबर मिळाला तरी पेठेचं नाव पक्कं करून घ्या, कारण तोच नंबर दुसऱ्या पेठेतही असू शकतो. मी दादाला पोस्टकार्डाचा फोटो पाठवला तेव्हा त्याने आजोबांचं अक्षर नीट न वाचता तो नंबर शनिवार पेठेत जाऊन शोधला, आणि आता ग्रुपवर त्याचा दुसरा फोटो आहे.