मंजरीरूपाच्या ध्यानाआधी

काल राजवाड्याजवळच्या गोपाळ मंदिरात तू विचारलंस, "माझं सिद्धरूप मीच ठरवू का?" नको गं. सिद्धरूप म्हणजे ध्यानात धरायचं आपलं आतलं रूप; इथे ते मंजरीचं, राधेच्या कोवळ्या वयाच्या सेविकेचं. गौडीय, म्हणजे चैतन्य महाप्रभूंच्या वैष्णव परंपरेतल्या अनेक शाखांत मंजरीचं नाव, वय, वेष, सेवा असे 11 भाव गुरूंकडून मिळतात. आपणच रंगवलेला चेहरा कल्पनाच राहतो. याच परंपरेतले आचार्य रूप गोस्वामी यांनी साधकदेह (आपला हा बाहेरचा देह) आणि सिद्धदेह (ते आतलं रूप), दोन्हींनी सेवा सांगितली आहे, तेव्हा नाम-श्रवण सोडू नकोस. मीही सुरुवातीला आतलं मुख शोधत बसायचे, नुसती दमायचे. मग सेवा धरली: राधेसाठी विडा लावायचा, पंख्यानं वारा घालायचा. मन तिथेच रमलं. अष्टकालीन लीलेचे, म्हणजे राधाकृष्णांच्या दिवसरात्रीच्या लीलेचे, आठही काळ आत्ताच नकोत. पहाटे 15 मिनिटं, एकच सेवा. आणि काय दिसलं ते गुरूंखेरीज कुणाला सांगू नकोस हं.